जपानला घातलेलं गाऱ्हाणं

वाळवंटात आपल्या सरकारने अणुस्फोट केले त्या मे महिन्यात मी डिचोलीच्या एका खाण कंपनीत तीन वर्षांचा जुना तात्पुरता कारकून होतो आणि पेडण्याच्या एका पोस्टमास्तरांचा होऊ घातलेला जावई होतो. दुसरं पद पहिल्यावर अवलंबून होतं. मुलगी पाहायच्या दिवशी पोस्टमास्तर म्हणाले होते, "पोर देऊक आमची ना नाय. पण तात्पुरत्या माणसाक कायमची मुलगी कशी देतले, सांगा बघू." हे ते इतक्या गोड आवाजात म्हणाले की आम्हा सगळ्यांना तो होकारच वाटला. परतीच्या बसमध्ये कोलवाळचा पूल आला तेव्हा आईने हळूच विचारलं, "म्हणजे ते नाय म्हणाले काय रे?"

नाही म्हणाले नव्हते, अट घातली होती. कंपनीने मला कायम केलं की लग्न. कंपनीचं म्हणणं असं, की हंगामातलं शेवटचं जहाज जाऊ दे, मग तुझी ऑर्डर काढू. आणि ते शेवटचं जहाज जपानला जाणार होतं. पावसाळ्यात खनिज जहाजापर्यंत नेणाऱ्या बार्जी नदीच्या मुखाबाहेर जात नाहीत. त्यामुळे मे संपायच्या आत जहाज भरलं नाही तर लाल मातीचा ढीग दिवाळीपर्यंत तसाच पडून राहणार, आणि त्याच्या बाजूला मी. पोस्टमास्तर दिवाळीपर्यंत थांबतील अशी लक्षणं नव्हती. मस्कतला नोकरी करणाऱ्या एका मुलाचं स्थळ त्यांच्याकडे आधीच येऊन बसलं होतं.

कंपनीतलं माझं काम म्हणजे इंग्रजी पत्रव्यवहार. मी मराठी शाळेत शिकलेला. इंग्रजी टंकलेखनाची परीक्षा मात्र पहिल्या फटक्यात पास झालो होतो. टाइप करता येणं आणि भाषा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कंपनीच्या तीन वर्षांत लक्षात आलं नव्हतं, आणि मीही होऊन सांगायला गेलो नव्हतो.

दर हंगामाच्या अखेरीस खरेदीदार पोलाद कारखान्याचा एक माणूस जपानहून यायचा. साठीच्या आसपासचा, काटकुळा, मानेवर पडेल असं फडकं टोपीला लावलेला. ढिगावर उकिडवा बसून तो निरनिराळ्या जागची माती पत्र्याच्या डब्यांत भरायचा, ओलावा किती आणि लोखंड किती ते तपासायचा, आणि त्याची सही झाली की जहाज भरायचं. आम्ही त्याला जपानी सायब म्हणायचो. आमच्या ऑफिसात सगळे लाल चिखलाच्या चपला घेऊन सरळ टेबलापर्यंत येत. हा एकटा दारात बूट काढायचा. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच बेताचं होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. दोघांनाही एकमेकांच्या चुका कळत नसत.

स्फोटांची बातमी संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक डायव्हर मंडळी, बहुतेक बांदा-सावंतवाडीकडची, बाजारातून पेढ्यांचा खोका घेऊन ऑफिसात आली. "आता शत्रूक कळतला," त्यातला एक म्हणाला. शत्रू कोण हे कोणी विचारलं नाही. शत्रू म्हणजे शेजारी, आणि तो आपल्याआधीच गुपचूप बॉम्ब करून बसलाय, हे लहानपणापासून पाढ्यासारखं पाठ होतं. आपल्यालाही कोणी शत्रू म्हणू शकेल हे त्या सकाळी डिचोली तालुक्यात कोणाच्या डोक्यात आलं असेल असं वाटत नाही. माझ्या तर नाहीच. मी दुसरा पेढा तोंडात घातला होता.

इतक्यात दारात जपानी सायब बूट काढताना दिसला.

आमचे मॅनेजर सावंतवाडीकडचे, पोटाने आणि स्वभावाने भारदस्त. ते एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "झाक, झाक ता." पण खोका टेबलाच्या मध्यावर उघडा, आणि ट्रक डायव्हरांचे हात त्यात. सायब आत आला, सगळ्यांकडे बघून वाकला आणि मला म्हणाला, "व्हॉट इज हॅपी?"

मॅनेजर माझ्याकडे बघू लागले. इंग्रजी माझ्या खात्यात येत होतं. जपानी माणसाला अणुबॉम्बचे पेढे कसे द्यायचे हे टंकलेखनाच्या परीक्षेत नव्हतं. माझी नजर त्याच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. कालच्या चौकोनात छापलं होतं, बुद्ध पौर्णिमा.

"बुद्धा," मी पेढा गिळून म्हणालो. "बुद्धा बर्थडे. यस्टरडे."

सायब क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात जोडले, दोन्ही हातांनी पेढा घेतला आणि म्हणाला, "इन जपान, एप्रिल." पेढा त्याने उभ्यानेच, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. खालचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि ढिगावर निघून गेला.

"तुका खरा तर आजच कायम करूक होया," मॅनेजर म्हणाले. केलं मात्र नाही.

मी खोटं बोललो नव्हतो हे माझं म्हणणं आजही आहे. आदल्या दिवशी बुद्धाचा जन्मदिवस होता, आणि सरकारने मुहूर्तही तोच काढला होता. मी फक्त दोन बातम्यांपैकी जुनी सांगितली.

पुढच्या चार दिवसांत आणखी स्फोट झाले आणि पेपरांत परदेशांची उत्तरं छापून येऊ लागली. कोणी चिंता व्यक्त केली, कोणी निषेध केला. जपानने आपली मदत थांबवली आणि राजदूताला सल्लामसलतीसाठी माघारी बोलावलं. त्यानंतर आमच्या फॅक्समधून एक कागद सरकत बाहेर आला. जहाजाचं वेळापत्रक, अलीकडच्या परिस्थितीमुळे, अंडर रिव्ह्यू आहे.

मॅनेजरांनी तो तीनदा वाचला. "अंडर रिव्ह्यू म्हणजे काय रे?"

"म्हणजे नाय म्हणत नाहीत, सायब," मी म्हणालो. हा प्रकार मला पेडण्याला भेटून गेला होता.

"उद्या सकाळी त्यांका पत्र जावक होया. तू लिही. माफी मागू नको, देशाचो प्रश्न असा. बढाई मारू नको, जहाजाचो प्रश्न असा. आणि शेजारी असलो वंगाळ असा म्हणान आमका करूचा लागला, ता पण घाल खंयतरी. पण नाव घेऊ नको."

एवढं सांगून ते जेवायला गेले. दिल्लीत या कामाला मोठमोठे अधिकारी बसवले होते म्हणे. डिचोलीत मी होतो.

कोरा कागद घेऊन मी मुळगावला घरी गेलो आणि बाबांसमोर बसलो. बाबांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं, पण ते गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. देशावरच्या वाचकांना गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटेल. आमच्याकडे उलट आहे. नारळ ठेवून देवासमोर उभं राहायचं, गावातल्या लहानमोठ्या सगळ्या देवतांना नाव घेऊन बोलवायचं, कोणाला वगळायचं नाही, आणि मग सगळ्यांच्या वतीने मागणं सांगायचं. प्रत्येक वाक्याला बाकीचे लोक "होय म्हाराजा" म्हणतात. रागावलेल्या देवाशी अपमान न होता आणि अपमान न करता कसं बोलायचं, याचा बाबांना चाळीस वर्षांचा सराव होता.

"जपान रागावलाहा?" बाबांनी विचारलं.

"चिंता व्यक्त केली आहे."

"चिंता म्हणजे लग्नाक येतले, पण जेवचे नाय. मगे?"

"निषेध."

"निषेध म्हणजे लग्नाक येवचे नाय, पण आहेर धाडतले."

"मदत थांबवली आणि राजदूताला परत नेलं."

बाबांनी सुपारी कातरायची थांबवली. "म्हणजे माहेरवाशणीक घेवन गेले. पण हां, घटस्फोट नाय." मग म्हणाले, "आता कागद घे. पयली गोष्ट, शेजाऱ्याची चुगली करू नको."

"मॅनेजरांनी घाल म्हणून सांगितलंय."

"मॅनेजराक गाऱ्हाणा येता? देवासमोर जावन 'तेणे आधी केला' म्हणान सांगल्यास देव दोघांकय धरता. तसा बोलूचा नाय. 'कोणाचा वाकडा पाऊल पडला आसात तर ता सरळ कर' म्हणूचा. कोणाचा ता देवाक म्हायत असता."

"आणि चूक मान्य करायची नाहीये."

"कोण सांगता कर म्हणान? 'कळत नकळत' म्हणूचा. कळत कितके, नकळत कितके, हिशोब कोण मागता?"

बाबा सांगत गेले आणि मी इंग्रजीत उतरवत गेलो. आदरणीय सर, आणि वरच्या मजल्यावरचे आदरणीय सर, आणि भट्टीवरचे आदरणीय सर, ज्यांची नावं आम्हाला ठाऊक आहेत ते, आणि ज्यांची ठाऊक नाहीत तेही. आमच्याकडून हाताने, पायाने वा तोंडाने काही अधिकउणं झालं असेल तर ते पदरात घ्यावं. पदराला इंग्रजी शब्द सुचेना म्हणून मी 'इन युवर लॅप' लिहिलं. कोणी वाकड्या वाटेने जात असेल तर त्याला सरळ वाटेला लावावं. जशी आजवर माती नेली तशी पुढेही न्यावी, आणि आपल्या व आमच्या लेकराबाळांना सांभाळावं.

शेवटची ओळ मात्र माझी स्वतःची. पत्र जरा ऑफिसचं वाटावं म्हणून मी टाइप केलं: 'काइंडली सँक्शन अस ॲट द अर्लिएस्ट.'

सकाळी मॅनेजरांनी पत्र उभ्याने वाचलं. अर्ध्यावर त्यांनी चष्मा पुसला. वाचून झाल्यावर त्यांच्या तोंडून "होय म्हाराजा" निघालं. मग ते भानावर आले, सही केली आणि फॅक्स त्यांनी स्वतःच्या हाताने लावला.

दुपारी मी इंग्रजी पेपर उघडला. पहिल्या पानावर, माझ्या अंगठ्याएवढ्या अक्षरांत, सँक्शन्स. भारतावर अमेरिकेची सँक्शन्स.

इथे माझी बाजू समजून घ्या. आमच्या भागात सँक्शन म्हणजे मंजुरी. स्कूटरचं लोन सँक्शन होतं, रजा सँक्शन होते, विजेचं कनेक्शन सँक्शन होऊन खांब येईपर्यंत पोरं मोठी होतात. सँक्शन झालं की माणसं चहा पाजतात. म्हणून पहिल्या झटक्याला मला वाटलं, अमेरिकेने मंजुरी दिली. एवढं काय मग रागावले म्हणतात? मग मी ऑफिसातला जाड शब्दकोश काढला. एक अर्थ, परवानगी. दुसरा अर्थ, दंड म्हणून घातलेले निर्बंध. ज्या भाषेत होकाराला आणि शिक्षेला एकच शब्द पुरतो, त्या भाषेच्या भरवशावर मी लग्न करायला निघालो होतो. आणि जपानला हात जोडून, लवकरात लवकर आमच्यावर निर्बंध घाला अशी विनंती करून बसलो होतो.

मॅनेजरांना सांगायला मी दोनदा उठलो आणि दोनदा पाणी पिऊन परत बसलो. घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "गाऱ्हाणा घातल्यावर मागे वळान बघूचा नसता."

"पण बाबा, मी देवाकडे शिक्षा मागितली."

"मागतत कितकेजण. देव सगळ्यांचा आयकता थोडोच?"

पुढचे दोन दिवस मी जेवलो नाही असं आई सांगते. मला आठवतं त्याप्रमाणे जेवलो, पण चव लागली नाही. फॅक्सचा कागद सरकल्याचा आवाज झाला की मी टाइप करायचा थांबायचो. एकदा तर वाणसामानाच्या दुकानाची जाहिरात आली आणि मी खुर्चीवरून उठून भिंतीला टेकलो.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. हातात फॅक्स होता आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "वाच," म्हणाले.

मी वाचलं. आपल्याला सँक्शन करण्याचा आमचा कोणताही विचार नाही. सँक्शन हा सरकारचा विषय आहे. आमचा विषय खनिज आहे. जहाज ठरल्याप्रमाणे निघालं आहे. कृपया ओलाव्याकडे लक्ष द्यावं. आणि त्याखाली: भट्टीवरच्या आदरणीय सरांना आपला निरोप पोचवला आहे.

"सँक्शन करणार नाय म्हणतत, आणि जहाज धाडतत," मॅनेजर म्हणाले. "ह्यांचा काय खरा?"

"तिकडची पद्धत तशी आहे, सायब," मी म्हणालो.

जहाज आलं. तीन-चार दिवस नदीतून बार्जी ये-जा करत राहिल्या. शेवटच्या बार्जीच्या दिवशी मी सहीचे कागद घेऊन धक्क्यावर गेलो, तेव्हा जपानी सायब एका दगडावर बसून डब्यांना चिठ्ठ्या लावत होता. माझ्या पत्राने जहाज आणलं अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. म्हणून मी थोडं कौतुक मिळतंय का बघायला म्हणालो, "कंपनी वॉज व्हेरी अँग्री?"

त्याने जरा विचार केला. "गव्हर्मेंट अँग्री. सो, कंपनी मस्ट बी अँग्री. फाइव्ह डेज." मग पाची बोटं मिटली. "फिनिश. फर्नेस इज नॉट अँग्री. फर्नेस इज हंग्री."

मी हसलो. तो हसला नाही. सही करून कागद माझ्या हातात देताना म्हणाला, पेढ्यांच्या आदल्या रात्री त्याने हॉटेलात टीव्ही पाहिला होता.

म्हणजे दारात बूट काढताना त्याला सगळं ठाऊक होतं. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, मग तू तो पेढा का खाल्लास?

"यू वेअर व्हेरी अफ्रेड," तो म्हणाला आणि पुढच्या डब्याची चिठ्ठी चिकटवू लागला.

हा कुठल्या गावचा असेल, असं त्या दिवसांत आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना दबक्या आवाजात विचारत. मॅनेजरांनी मला सांगूनही ठेवलं होतं, संधी मिळाली तर काढून घे म्हणून. धक्क्यावर ती संधी होती. मी विचारलं नाही. कागद सांभाळून परत आलो.

जहाज गेलं त्याच आठवड्यात शेजाऱ्यानेही आपले स्फोट केले. आता चिंता आणि निषेध करायची पाळी आपली होती. मी आमच्याविरुद्ध छापून आलेली जुनी कात्रणं काढून ताडून पाहिलं. शब्द तेच होते, फक्त देशांची नावं फिरवली होती. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "गाऱ्हाणा एकच असता रे. यजमान बदलतत."

शुक्रवारी माझी ऑर्डर निघाली. ती टाइप करायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच केली, मॅनेजरांनी सही केली, आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, ऑर्डर खिशात ठेवून, म्हापशाला बस बदलून मी पेडण्याला गेलो. वाटेत बोलायचं पाठ करत होतो. जहाज, जपान, भट्टी, मग ऑर्डर. मस्कतवाल्याचं स्थळ अजून बसलेलं असलं तर ऑर्डर आधी.

पोस्टमास्तर पडवीत शाळेतला मोठा नकाशा जमिनीवर पसरून बसले होते. चार कोपऱ्यांवर चार नारळ. मला बघून म्हणाले, "येवा, बसा. ह्या बघा."

मी वाकून बघितलं. त्यांनी एक बोट शेजाऱ्याच्या देशावर ठेवलं आणि दुसरं मस्कतवर.

"मधी काय असा?"

"समुद्र."

"समुद्र सोडल्यास काय असा?"

"काही नाही."

"तर मगे." ते ताठ बसले. "वीतभर अंतर नाय. मी म्हणा होतंय, चांगला स्थळ, पगार बरो. आणि परवा रेडियोवर ह्या आयकला. त्यांच्या दाराक बॉम्ब, आणि मी थंय पोर धाडू? मस्कतवाल्यांक शुक्रवारीच ना म्हणान कळयला. तुमी कायम होवा, नाय तर होव नका. डिचोली निदान आमच्या बाजूक असा."

माझी सगळी भाषणं तशीच राहिली. तीन आठवडे मी ज्या जहाजासाठी प्राण कंठाशी आणून बसलो होतो, ते इथे पडवीत कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. माझं लग्न आमच्या स्फोटाने मोडायला आलं होतं आणि शत्रुराष्ट्राच्या स्फोटाने जमलं होतं. यात जपानचा काही हात नव्हता आणि माझा तर नव्हताच. आभार कोणाचे मानायचे हे मात्र उघड बोलता येण्यासारखं नव्हतं.

तरी आणली आहे तर दाखवावी म्हणून मी ऑर्डर काढून पुढे केली. पोस्टमास्तरांनी ती चष्मा लावून, लोकांच्या तारा वाचायच्या सवयीने, एकेक शब्दावर बोट ठेवत वाचली. एका जागी बोट थांबलं. कानावरची लाल पेन्सिल काढून त्यांनी 'पर्मनंट'मधल्या एका अक्षराभोवती गोल केला.

"हेंतू 'ई' येता. हेणी 'ए' मारला. कोणी टायप केला ह्या?"

"ऑफिसात एक माणूस असा," मी म्हणालो. "नवीन."

आतल्या खोलीत कोणीतरी हसलं. बघायच्या कार्यक्रमात तिने एक शब्दही काढला नव्हता, त्यामुळे तो आवाज कोणाचा हे मला लगेच कळलं नाही.